विसर्जनाआधी विसर्ग

(मंडळाच्या सभागृहात श्रावणातल्या एका रविवारी दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले काही पाल्हाळ गाळले आहे.)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा एका वहिनींनी मला दारातच गाठले. म्हणाल्या, "भाऊजी, नदी मोजायची म्हणजे लांबी मोजायची की रुंदी?" मी म्हटले, वहिनी, दोन्ही सोपे आहे, तलाठीसुद्धा करतो. मला मोजायचे आहे ते दर सेकंदाला आपल्या समोरून किती पाणी पुढे गेले ते. त्या म्हणाल्या, "गेलेले पाणी मोजून काय मिळते?" या एका प्रश्नाच्या उत्तरात माझी नोकरीची बत्तीस वर्षे गेली. आज उत्तर तासाभरात आटोपतो.

आधी शब्दाबद्दल थोडे. वाहत्या पाण्याच्या या मापाला मराठीत विसर्ग म्हणतात. धरणातून इतके क्युसेक विसर्ग सुरू, अशी बातमी आपण नागपूरच्या पेपरात दर पावसाळ्यात वाचतो. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूर तिकडे गेले आणि आपला छिंदवाडा जिल्हा इकडे राहिला. त्यामुळे माझी सगळी कागदपत्रे हिंदीत आणि डोक्यातला हिशेब मराठीत, असेच आयुष्यभर चालले. फायलीत 'बहाव' लिहायचा आणि मनात 'विसर्ग' म्हणायचा. तर हा विसर्ग आणि आपले विसर्जन, दोन्ही एकाच धातूतून आले आहेत. सोडणे, जाऊ देणे. आणखी काही दिवसांनी आपण गणपती सोडायला नदीवर जाऊ आणि काठावर उभे राहून दरवर्षीचाच प्रश्न विचारू : "यंदा पाणी किती आहे हो?"

या प्रश्नात दोन प्रश्न दडलेले आहेत. आपण त्यांची सरमिसळ करतो आणि सगळा घोळ तिथून सुरू होतो. डोहात कंबरेएवढे पाणी आहे, मूर्ती नीट बुडते, तेव्हा आपण म्हणतो यंदा नदीला पाणी चांगले आहे. पण त्या डोहात वरून काही येत नसेल आणि खाली काही जात नसेल, तर ते साठलेले पाणी झाले. नदी चालू आहे असे त्यावरून म्हणता येत नाही. उलट, घोट्याएवढ्या पाण्याचा खळाळ गोट्यांवरून धावत असेल तर तो दिवसाला शेकडो टँकर पाणी पुढे नेत असतो आणि आपण त्याला 'नदी आटली' म्हणतो. खोली डोळ्याला दिसते, प्रवाह दिसत नाही. म्हणून तो मोजावा लागतो.

आपली जाम नदी वर्षातून एकदा सगळ्या देशाला दिसते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पांढुर्णा आणि सावरगाव यांच्या मधोमध, झेंड्याच्या झाडाभोवती. गोटमारीवर मी आज बोलणार नाही, घरोघरी त्यावर बोलणारे आहेत. मला फक्त एवढे सांगायचे आहे की जामच्या तळाशी गोटे किती आहेत हे या गावाला शिकवावे लागत नाही. आणि उथळ नदी मोजताना सगळ्यात जास्त त्रास देतात ते हेच गोटे.

आता मोजायचे कसे. सगळ्यात सोप्या रीतीला लागणारे उपकरण आपल्याकडे झाडाला लागते.

नदीचा एक सरळ तुकडा निवडायचा. वळण नको, मधे झुडूप नको, डोह नको. काठावर दहा मीटर अंतरावर दोन खुंट्या ठोकायच्या. वरच्या खुंटीच्या थोडे अलीकडे पाण्यात तरंगणारी वस्तू सोडायची, ती पहिल्या खुंटीपाशी आली की घड्याळ सुरू, दुसरीपाशी आली की बंद. वाळलेले पान चालत नाही, वारा त्याला ढकलतो. थर्माकोलचेही तेच. लाकडाची ढलपी बरी. पण जगभर प्रवाहमापन शिकवणारे मास्तर सगळ्यात चांगली वस्तू सांगतात ती म्हणजे संत्रे. ते जवळजवळ सगळे पाण्याखाली राहते, वर थोडीशी पाठ दिसते, त्यामुळे वारा लागत नाही आणि ते पाण्याबरोबरच चालते. रंगाने लांबून ओळखू येते. हरवले तरी नदीला अपाय नाही. मी हे पहिल्यांदा इंग्रजी पुस्तकात वाचले तेव्हा हसू आले. पांढुर्णा-सौसरच्या माणसाला संत्रे वापरायला इंग्रजी पुस्तकाने सांगावे! आपल्या बगीच्यांत गळलेल्या फळांचा खच पडतो, तीच उचला. हिरवे असेल तर डोळे जरा ताणावे लागतील, एवढेच.

समजा संत्र्याला दहा मीटर जायला एकदा २४, एकदा २६ आणि एकदा २५ सेकंद लागले. सरासरी २५. म्हणजे पाण्याच्या पाठीचा वेग सेकंदाला ०.४ मीटर. आता पाण्याचा छेद हवा. एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत दोरी ताणायची, दर मीटरला गाठ, आणि प्रत्येक गाठीखाली काठीने खोली मोजायची. धरा पात्र ६ मीटर रुंद आहे आणि गाठीगाठीला खोली मिळाली १२, २०, २८, २४ आणि १५ सेंटीमीटर. दोन्ही काठांवर शून्य. गाठी एकेक मीटरवर असल्यामुळे हिशेब तोंडी होतो. बेरीज ९९, म्हणजे छेद ०.९९ चौरस मीटर. त्याला ०.४ ने गुणले की सेकंदाला सुमारे ३९६ लिटर आले.

इथेच नवशिका माणूस थांबतो आणि चुकतो. गणपतीची मिरवणूक अरुंद गल्लीतून जाताना बघा. मधले लोक पुढे सरकतात, भिंतीला घासून चालणारे मागे पडतात. पाण्याचेही तसेच. पाठीवरचे पाणी पळते, तळाशी गोट्यांना घासणारे रेंगाळते. संत्र्याने आपल्याला पळणाऱ्याचा वेग सांगितला. सगळ्या पाण्याचा वेग त्याहून कमी. म्हणून गाळाच्या गुळगुळीत तळाला ०.९ ने आणि गोट्यांच्या तळाला ०.८ ने गुणतात. आपल्या उदाहरणात ०.८ धरले तर ३९६ चे सुमारे ३१७ लिटर होतात. हा गुणक विसरला की नदी कागदावर एक चतुर्थांशाने फुगते, आणि फुगलेल्या नदीवर बांधलेला स्टॉपडॅम दरवर्षी अर्धा रिकामा राहून आपल्याकडे बघत बसतो.

सरकारी कामात संत्रे चालत नाही, तिथे प्रवाहमापी लागतो. एका दांड्यावर फिरणारे पेल्यांचे चक्र असते. पाणी जितके वेगात, तितके चक्राचे फेरे जास्त. फेऱ्यांवरून वेग काढायचा तक्ता प्रत्येक यंत्राचा वेगळा असतो, आणि तो ठरवण्यासाठी यंत्र शांत पाण्याच्या लांबच लांब हौदात गाडीला बांधून ठराविक वेगाने ओढतात. असा हौद पुण्याजवळ खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात आहे. ही संस्था १९१६ सालची. हे चक्र पाण्याच्या पाठीपासून खोलीच्या ०.६ वर धरतात, कारण तिथला वेग बहुतेक ठिकाणी वरपासून खालपर्यंतच्या सरासरीच्या अगदी जवळ येतो. पाणी २५ सेंटीमीटर असेल तर चक्र पाठीपासून १५ सेंटीमीटर खाली. खोल पाण्यात दोन ठिकाणी, ०.२ आणि ०.८ वर धरून सरासरी घेतात.

पण फेब्रुवारीतल्या आपल्या नाल्याला दहा सेंटीमीटरही पाणी नसते. नेहमीच्या यंत्राचे चक्रच बारा-तेरा सेंटीमीटरचे, ते अर्धे हवेत फिरते. अशा पाण्यासाठी छोटे यंत्र असते, त्याचे चक्र पाचेक सेंटीमीटरचे. तेही गोट्यांच्या मधे अडखळते. शिवाय मोजणाऱ्याचे स्वतःचे दोन पाय पाण्यात असतात आणि उथळ पाण्यात ते पायच धरण होऊन बसतात. म्हणून दोरीच्या खालच्या बाजूला, यंत्रापासून हात लांब करून, एका अंगाला उभे राहायचे. माझे पहिल्या वर्षाचे निम्मे आकडे माझ्याच पिंढऱ्यांनी बिघडवले असतील.

आणि पावसाळ्यात मुलांना पाण्यात उतरवण्याआधी एक हिशेब पक्का करा. खोली मीटरमध्ये आणि वेग सेकंदाला मीटरमध्ये घेऊन गुणाकार करा. तो ०.९ च्या आसपास गेला की मोठ्या माणसानेही उतरू नये. मुलांसाठी मी त्याच्या अर्ध्यावर थांबतो. गढूळ पाणी असेल तर हिशेबही करू नका, काठावर बसा.

उन्हाळ्याच्या तोंडी नाल्यात जी बारीक धार उरते, तिच्यासाठी माझी आवडती वस्तू म्हणजे खाचेची पत्री. पत्र्याच्या वरच्या काठात इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची नव्वद अंशांची खाच कापायची. आपल्या गावातला कोणीही वेल्डिंगवाला तासाभरात करून देईल, फक्त खाचेची कड एका बाजूने धारदार ठेवायला सांगा. ही पत्री नाल्यात आडवी रोवायची, बाजूंनी आणि खालून चिकणमातीने लिंपायची, म्हणजे सगळे पाणी खाचेतूनच पडेल. पाणी पलीकडे मोकळे पडले पाहिजे, धारेच्या मागे हवा दिसली पाहिजे. खालचे पाणी चढून खाचेला टेकले की आकडा खोटा. उंची पत्रीपाशी मोजायची नाही, तिथे पाणी आधीच वाकलेले असते. वरच्या बाजूला, खाचेतल्या पाण्याच्या उंचीच्या तीन-चार पट अंतरावर पट्टी रोवायची, आणि तिचा शून्य खाचेच्या टोकाशी जुळवायचा. गवंड्याची पाण्याची नळी आणा, जुळते.

आता पट्टीवर ५ सेंटीमीटर उंची असेल तर धार सेकंदाला पाऊण लिटरची. १० असेल तर साडेचार लिटरच्या जरा आत. १५ असेल तर १२ लिटर, आणि २० असेल तर जवळपास २५. उंची दुप्पट झाली की पाणी साडेपाच पटींच्या वर जाते, हे लक्षात ठेवा. सूत्र हवे असेल त्यांना नंतर देतो : उंची मीटरमध्ये घेऊन तिचा अडीचावा घात करायचा आणि १.३८ ने गुणायचे, म्हणजे घनमीटर येतात. दहावीच्या मुलांच्या कॅल्क्युलेटरवर होते.

हे लिटर कशाला? सेकंदाला एक लिटर म्हणजे अगदी लहान धार वाटते. दिवसाचे सेकंद ८६,४००. म्हणजे ती धार दिवसाला ८६,४०० लिटर देते. उन्हाळ्यात मोठ्या संत्र्याच्या झाडाला दिवसाला शंभर लिटर धरा, तर आठशे चौसष्ट झाडे. सहा मीटरवर लावलेली बाग हेक्टरी पावणेतीनशे झाडांची, म्हणजे तीन हेक्टरांच्या वर बाग, त्या एका धारेवर. आंबिया बहाराचा ताण तोडून जानेवारीत पाणी सुरू केले की पावसापर्यंत ते थांबवता येत नाही, आणि नेमके तेव्हाच नाले बारीक होतात. म्हणून आपल्या भागात मला पुराच्या आकड्यापेक्षा फेब्रुवारीच्या धारेचा आकडा मोलाचा वाटतो. पूर मोजायला सगळे धावतात, कारण तो दिसतो.

मोठ्या नद्यांची मोजणी होते, असे नाही की होत नाही. आपल्या सौसर तालुक्यात रामाकोन्याला कन्हानवर केंद्रीय जल आयोगाचे निरीक्षण केंद्र आहे. आपली जाम कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, वैनगंगा-वर्धा मिळून प्राणहिता होते आणि प्राणहिता गोदावरीला. म्हणजे आपल्या परसातले पाणी थेट राजमहेंद्रीपर्यंत जाते. गोदावरीच्या पाण्याचा राज्याराज्यांतला वाद १९६९ साली लवादाकडे गेला आणि १९८० साली अंतिम निवाडा आला. त्या निवाड्यातला एकेक आकडा शेवटी अशाच कुठल्यातरी घाटावर, सकाळी आठ वाजता, कोणीतरी पट्टी वाचून वहीत लिहिलेल्या आकड्यांवर उभा आहे. पट्टी रोज वाचतात, प्रवाह प्रत्यक्ष मोजून त्या पट्टीशी जोडतात, आणि मग पट्टीच्या उंचीवरून विसर्ग काढायचा आलेख तयार होतो.

या आलेखाची शेपटी मात्र फार चंचल असते. पुराच्या वेळी एखादा गोटा हलला तर फरक पडत नाही. पण नदी उथळ झाली की एक गोटा सरकला, रेतीची एक पट्टी हलली, की पट्टीवर तीच उंची आणि पाणी भलतेच. आणि रेती तर आपल्याकडे नुसती हलत नाही, ट्रकमध्ये बसून जाते. कन्हानच्या रेतीवर अर्धे नागपूर उभे आहे. तळ खाली गेला की पट्टी म्हणते पाणी कमी झाले. पाणी कमी झाले की तळ खचला, हे प्रत्यक्ष उतरून मोजल्याशिवाय सांगता येत नाही.

आता नागपूरचा विषय निघालाच आहे तर एका साहेबाची गोष्ट सांगतो. ती आपल्या भागाच्या प्रत्येक तलावाच्या फायलीत लपलेली आहे. अलेक्झांडर बिनी नावाचा इंग्रज इंजिनियर १८६० च्या दशकाच्या शेवटी नागपुरात होता. अंबाझरीच्या पाण्याची शहराला नळयोजना त्याने केली. तलाव किती भरेल हे ठरवायला त्याला एक गोष्ट हवी होती : पडलेल्या पावसातले किती पाणी वाहून खाली येते? आजच्यासारखी पुस्तके नव्हती, विलायतेचे आकडे इथल्या काळ्या मातीला लागू नव्हते. म्हणून त्याने नागपूरजवळच्या सुमारे १६ चौरस किलोमीटरच्या पाणलोटात १८६९ आणि १८७२ साली पाऊसही मोजला आणि खाली येणारे पाणीही मोजले. दोन्ही वर्षांचे आलेख जवळजवळ एकसारखे आले. त्यावरून त्याने टक्केवारी काढली, आणि मध्य प्रदेशात व विदर्भात ती 'बिनीचे टक्के' म्हणून आजही शिकवली आणि वापरली जाते. पुढे हा गृहस्थ लंडन महापालिकेचा मुख्य अभियंता झाला, थेम्सखालून ब्लॅकवॉलचा बोगदा काढला आणि 'सर' झाला. मला त्याचे अंबाझरीचे काम मोठे वाटते.

ही टक्केवारी जरा बघा. वर्षाला १००० मिलिमीटर पाऊस झाला तर ३८ टक्के वाहून येतो. ८०० झाला तर २९ टक्के. ६०० झाला तर फक्त २१. आता गुणाकार करा. हजारच्या वर्षी नदीला ३८० मिलिमीटर मिळाले, सहाशेच्या वर्षी १२६. म्हणजे पाऊस चाळीस टक्क्यांनी घटला आणि नदीचे पाणी दोन तृतीयांशाने. शेतकरी म्हणतो, पाऊस तर बऱ्यापैकी झाला, मग तलाव का भरला नाही? तलावात चोरी झाली असे त्याला वाटते. चोरी कोणाचीच नसते. पहिला वाटा जमीन घेते, झाडे घेतात, ऊन घेते, आणि उरलेसुरले नदीकडे येते. वाटा घेणारे तेवढेच राहिले आणि ताट लहान झाले, तर शेवटच्या पंगतीला काय उरणार?

पण हे टक्के दीडशे वर्षांपूर्वीच्या, नागपूरजवळच्या एका पाणलोटाचे आहेत. तेव्हा बोअरवेल नव्हती, आजच्याइतकी संत्र्याची बाग नव्हती. आमच्या खात्यात मी कित्येक तरुण मुले पाहिली, जी नाल्यावर न जाता तक्ता उघडून आकडा टाकतात. बिनीने जे केले ते कोणी करत नाही, त्याने जे लिहिले ते सगळे वापरतात.

आता माझ्या एका चुकीबद्दल बोलतो. इतकी वर्षे हे जाहीर सांगितले नव्हते. गावांची नावे सांगणार नाही, ऐकणाऱ्यांपैकी काहींना कळतील, त्यांनी मनात ठेवावीत.

सौसरकडचा एक नाला. वर एक गाव, खाली तीन किलोमीटरवर दुसरे गाव. नात्यागोत्यातली गावे, लेकी इकडच्या तिकडे दिलेल्या. पोळा दोन्ही गावांचा एकत्र भरायचा, मधल्या पारापाशी एकाच तोरणाखाली. वरच्या गावातल्या दोघांनी नाल्यावर मोटरपंप बसवले आणि त्या हिवाळ्यात खालच्या गावाची धार बारीक झाली. कुरबुर सुरू झाली. मी तेव्हा नोकरीत नवीन, नाला मोजायचे काम माझ्याकडे आले. सोमवारी सकाळी वरच्या गावाशी पत्री लावली, ३२ लिटर आले. मग मधे दुसरे काम निघाले. गुरुवारी दुपारी खालच्या गावाशी गेलो, पत्री नेली नव्हती, तरंग सोडून मोजले. १४ लिटर. ग्रामसभेत मला विचारले तेव्हा मी उभा राहून सांगितले : वर ३२, खाली १४, मधे १८ लिटर जातात. मी कोणाचे नाव घेतले नाही. मला वाटले, मी तर फक्त आकडा सांगितला.

त्या अठराचे पुढे काय झाले ते मला वर्षाने कळले. पंपवाल्यांपैकी एकाची सोयरीक मोडली. भाद्रपदाआधी पोळ्याला खालच्या गावाने बैल पाराकडे नेलेच नाहीत, आपल्या गावात वेगळे तोरण बांधले.

आमच्याकडे एक म्हातारे निरीक्षक होते, निवृत्तीला आलेले, शिक्षण चौथीपर्यंत. त्यांनी माझी वही मागितली. बोट ठेवून म्हणाले, "बाबू, सोमवार आणि गुरुवार एकाच बैलाची शिंगं आहेत काय?" मग विचारले, रविवारी रात्री वर मावठा झाला होता, तू लिहिला आहेस का? मी लिहिला नव्हता. सोमवारचा ३२ हा मावठ्याचा फुगवटा होता, गुरुवारपर्यंत तो ओसरला होता. शिवाय सकाळ आणि दुपार. काठावरची झाडे दिवसा पाणी ओढतात, त्यामुळे लहान नाल्याची धार पहाटे जास्त आणि दुपारनंतर कमी असते. आणि दोन ठिकाणी दोन रीतींनी मोजलेले. एका वजाबाकीत एवढ्या चुका मी घातल्या होत्या.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही दोघे गेलो. दोन पत्र्या, दोन माणसे, एकच दिवस. पहाटे, वीज नसताना, पंप बंद : वर २६, खाली २१. म्हणजे पंप नसतानाही मधे ५ लिटर जात होते. तो तीन किलोमीटरचा मधला भाग रेतीचा, पाणी रेतीत उतरून खालून चालायचे. आपल्या बायका उन्हाळ्यात नदीत झिरा खणतात, ते हेच पाणी. आपल्या मोजणीत ते येत नाही, म्हणून जिथे खडकाची पट्टी पात्र ओलांडून जाते तिथे मोजावे, खडक खालच्या पाण्यालाही वर यायला लावतो. हे मला पुस्तकात वाचून माहीत होते, तरी मी सोयीची जागा पाहून मोजले होते. दुपारी पंप चालू असताना पुन्हा : वर २५, खाली १२. तेरातून रेतीचे पाच वजा केले तर पंपांच्या वाट्याला सात-आठ लिटर. पंप निर्दोष नव्हते. पण अठरा आणि आठ यांत एका घराची सोयरीक आणि दोन गावांचा पोळा बसतो.

मी परत ग्रामसभेत गेलो. नवे आकडे सांगितले, आधीचे चुकले होते हेही सांगितले. पहिल्या सभेला दोनशे माणूस होते, या सभेला वीस-बावीस. पंपवाल्यांनी दिवसाआड एकच पंप चालवायचे कबूल केले आणि ते पाळले. मोडलेली सोयरीक परत जुळली नाही. पोळे अजूनही दोन भरतात.

म्हणून आता मंडळापुढे माझे एक मागणे आहे. २०२३ साली पांढुर्णा जिल्हा झाला, आपले दोन्ही तालुके त्यात आले. नव्या जिल्ह्याच्या फायलींत आपल्या लहान नाल्यांचे हिवाळ्यातले आकडे आपण घालू शकतो. खर्च म्हणाल तर एक पत्री, एक दोरी, एक काठी, एक वही. मुलांच्या हातात मोबाईल आहे, त्यात घड्याळ आहे. वहीत पाच रकाने : तारीख, वेळ, जागा, रीत, आणि मागच्या आठवड्यात पाऊस झाला का. शेवटचा रकाना रिकामा राहिला तर आकडा लिहू नका. पंप चालू की बंद, तेही शेजारी लिहा. आणि दोन जागांची तुलना करायची असेल तर एकाच दिवशी, एकाच वेळी, एकाच रीतीने. त्या वहीतला आकडा सभेत वाचण्याआधी तीनदा मोजा, आणि वरच्या गावाचा एक माणूस खाली व खालच्या गावाचा एक वर, असे मोजायला उभे करा.

कोजागरीनंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी साडेसहाला मी जामच्या काठी येतो, पुलाच्या वरच्या अंगाला, जिथे पात्र सरळ आहे तिथे. खुंट्या आणि दोरी माझ्याकडे आहेत. पत्री बनवायला टाकली आहे. तोवर आंबियाची फळे पिवळी पडू लागतील, ज्यांच्या बागा आहेत त्यांनी गळलेली दहा-बारा संत्री पिशवीत घालून आणा. चांगली आणू नका, ती मुले खातात आणि मोजायला काही उरत नाही.